कुही: नागपूरच्या खालच्या अंगाचा तालुका

नागपुरात हिवाळ्याच्या सहलीचा विषय निघाला की रामटेक, खिंडसी, पेंच, अदासा, धापेवाडा ही नावं आपोआप येतात. कुहीचं नाव कुणी घेत नाही. शेजारच्या कुणाची बदली कुहीला झाली तर लोक हळहळतात. माझ्या नोकरीची बरीच वर्षं याच तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर गेली. राहायला नागपूरच्या नंदनवन वस्तीत, शिकवायला तिकडे. निवृत्त झाले तरी मन अजून त्याच रस्त्यावर असतं. हा तालुका नागपूरकरांना माहीत असायला हवा, असं मला फार मनापासून वाटतं. नागपूरचं त्याच्याशी नातं आहे आणि ते आपण धड निभावलेलं नाही.

आधी जागा सांगते. उमरेड रोडने निघालं की पाचगावच्या अलीकडेपलीकडे डाव्या हाताला कुहीकडे वळता येतं. नागपूरहून कुही साधारण चाळीस किलोमीटर. उत्तरेला मौदा, नैर्ऋत्येला उमरेड, दक्षिणेला भिवापूर आणि पूर्वेला वैनगंगा. तिच्या पलीकडे भंडारा जिल्हा. पूर्वी हा सगळा भाग उमरेड तहसिलीतच होता, मग वेगळा झाला.

नकाशात न दिसणारी गोष्ट म्हणजे, विदर्भाची कापसाची बाजू आणि धानाची बाजू याच पट्ट्यात एकमेकींना भेटतात. पश्चिमेकडून शिरलं की काळी जमीन, पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, हरभरा. पूर्वेकडे वैनगंगेच्या दिशेने जाल तसतशी वावरं लहान होत जातात, धुरे उंच होतात आणि बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची वावरं, सुरू होतात. धान कापायच्या आधीच ओलीवर फेकलेली लाखोळी, म्हणजे लाखेच्या डाळीचं पीक, हिवाळ्यात निळी-जांभळी फुलते, तो रंग नागपूरच्या पश्चिमेला, काटोल-नरखेडकडे, तुम्हाला दिसणार नाही. शाळेतसुद्धा हा फरक कळायचा. एका गावात जुलैच्या अखेरीस मोठ्या पोरी वर्गात नसायच्या, कारण रोवणी. दुसऱ्या गावात त्याच वयाच्या पोरी दिवाळीनंतर गळायच्या, कारण कापूस वेचणी. गैरहजेरीच्या नोंदी पाहून गाव कोणत्या बाजूचं ते मी सांगू शकायची.

नद्यांबद्दल मात्र सावकाश सांगायला हवं, कारण तालुक्याचं सगळं बरंवाईट नद्यांनीच ठरवलंय. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातून येते. कन्हान छिंदवाड्याकडून येते, कामठीजवळ पेंच आणि कोलार तिला मिळतात, आणि मग ती पूर्वेला वळून कुहीच्या अंगाने वाहते. दोघी भेटतात आंभोऱ्याला. तिथे आंब, मुरझा आणि कोलारी याही येऊन मिळतात, म्हणून तो पाच नद्यांचा संगम. टेकडीवर चैतन्येश्वराचं मंदिर आहे. वर उभं राहिलं की चारही बाजूंनी पाणीच पाणी आणि मधूनमधून डोंगराच्या रांगा. महाशिवरात्रीला नागपूर आणि भंडारा दोन्हीकडची माणसं येतात. आता वैनगंगेवर केबलच्या आधाराचा मोठा पूल झाला आहे, त्याच्या उंच मनोऱ्यात नदी पाहायला काचेची गॅलरी आहे, त्यामुळे रविवारी नागपूरच्या गाड्यांची रांग लागते. लोक पुलावर फोटो काढतात आणि परततात. टेकडीवर चढणारे कमीच.

चढायला हवं. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० मधला, म्हणजे इसवी सन ११८८ चा मानला जातो. ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचा हा ग्रंथ. त्यात अंबानगरीचा उल्लेख आहे. ती अंबानगरी म्हणजे मराठवाड्यातलं अंबाजोगाई, असं एक मत आहे. तिथे मुकुंदराजांची समाधी आहे. दुसरं मत असं की ती वैनगंगेकाठची, म्हणजे आंभोरा. मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतल्या हरिनाथांची समाधी या टेकडीवर दाखवतात. मी विद्वान नाही, पण ग्रंथकाराने नदीचं नावच दिलं असेल तर आधी त्या नदीकाठी शोधावं, एवढं मला पटतं. मुलांना मी हेच सांगत आले की मराठीत लिहिणं जिथे सुरू झालं असं काही लोक मानतात, ती जागा तुमच्या गावाहून सायकलने जाण्याएवढी जवळ आहे. ते ऐकताना मागच्या बाकावरचा पोरगाही सरळ बसायचा.

त्याहून जुनं आदम. नावाने छोटंसं गाव, पण गावाशेजारी मातीच्या तटबंदीचं आणि खंदकाचं प्राचीन नगर आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर शाखेने अमरेंद्र नाथ यांच्या देखरेखीखाली १९८८ ते १९९२ या काळात तिथे उत्खनन केलं. अश्मयुगीन बारीक हत्यारांपासून सातवाहनांपर्यंत एकावर एक थर निघाले. लोहयुग, मौर्यांच्या आधीचा काळ, मौर्य, मग सातवाहन. मातीच्या एका मुद्रेवर ‘अस्सक जनपद’ अशा अर्थाची अक्षरं मिळाली. सोळा महाजनपदांच्या यादीत विंध्याच्या दक्षिणेचं जे एकच जनपद आहे, ते हे. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात मगध येतं, अवंती येतं, मुलं पाठ करतात. आपल्या तालुक्याच्या मातीतून त्या यादीतल्या एका नावाची मोहोर निघाली, हे त्या पुस्तकात नसतं.

बख्त बुलंद शहाने नागपूर वसवायला घेतलं ते १७०२ साली. भोसले त्यानंतरचे. म्हणजे नागपूरला तीनशे वर्षं होऊन गेली म्हणून आपण कौतुक करतो, तेव्हा आदमचं नगर दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नांदत होतं. पाचखेडीकडे तर दगडांची वर्तुळं आहेत, लोखंड वापरणाऱ्या माणसांनी आपली मढी पुरून वर रचलेली. गुराखी त्या दगडांवर बसून दुपार काढतात.

आणि मांढळ. बाजाराचं गाव म्हणून सगळे ओळखतात, कारण तालुक्याची बाजार समिती तिथे आहे. गावाजवळ भोला हुडकी आणि बोंगी हुडकी नावाच्या टेकड्या आहेत. १९७५ ते १९७७ मध्ये नागपूर विद्यापीठाने अजयमित्र शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे खोदकाम केलं आणि वाकाटक राजांच्या काळातल्या देवळांचे पाये आणि मूर्ती सापडल्या. मूर्ती साध्या नाहीत. आठ मुखांचा उभा शिव आहे, ब्रह्मा आहे, बकरमुखी नैगमेष आहे. चौथ्या-पाचव्या शतकातल्या या मूर्तींसारख्या मूर्ती इतरत्र फारशा नाहीत, म्हणून मूर्तिशास्त्राचे अभ्यासक अजून त्यांच्यावर लिहितात. मांढळलाच दुसऱ्या प्रवरसेनाचे आणि दुसऱ्या पृथ्वीषेणाचे ताम्रपट मिळाले. हा प्रवरसेन म्हणजे प्रभावतीगुप्ताचा मुलगा, दुसऱ्या चंद्रगुप्ताचा नातू. राजधानी तिकडे नगरधनला, रामटेकच्या पायथ्याशी. राजाने दिलेल्या दानाची पत्रं मात्र आपल्या बाजारगावात.

त्या मूर्ती आता नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास विभागाच्या संग्रहालयात आहेत. मी एका वर्षी सातवीची मुलं तिथे घेऊन गेले होते. मांढळची एक मुलगी त्या आठमुखी मूर्तीसमोरून हलेचना. म्हणाली, “बाई, हा आमच्या गावचा देव हाय, मंग इथं काऊन ठेवला?” सुरक्षितता, जतन, अभ्यास, असं जे सांगायचं ते मी सांगितलं. तिला ते पटलं नाही आणि मलाही पूर्ण पटलेलं नाही.

माणसांकडे येते. कुणबी आणि तेली गावोगाव. कोष्टी विणकर उमरेड-पवनीच्या बाजूने. नदीकाठी ढिवर, म्हणजे मासेमार. जंगलाच्या कडेला गोंड, ज्यांचं एकेकाळी या सगळ्या मुलखावर राज्य होतं. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५० च्या कायद्याने गेली, पण मालगुजारांच्या काळात बांधलेले तलाव अजून मामा तलाव म्हणूनच ओळखले जातात. माजी मालगुजारी असं पूर्ण कुणी म्हणत नाही. धानाची कित्येक वावरं त्याच तलावांवर जगतात. गाळ उपसला गेला की गावाला दोन पाणी जास्त मिळतात, इतकं सरळ गणित आहे.

जवळपास प्रत्येक गावात निळा झेंडा आणि बुद्धविहार. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली, तेव्हा इकडूनही माणसं गेली. एका म्हाताऱ्या आजीने मला सांगितलं होतं की त्या दिवशी पांढरं लुगडं नव्हतं म्हणून तिच्या सासूने आपलं धुऊन वाळवून तिला नेसायला दिलं, आणि सासू स्वतः मागं राहिली. आजी सांगताना रडत नव्हती. आवाजात अभिमान होता. तिच्या विहारात मुलांसाठी अभ्यासिका सुरू झाली तेव्हा उद्घाटनाला तिलाच बसवलं होतं.

आजी दीक्षेला गेली होती ती नॅरोगेजने. नागपूर–नागभीड ही अडीच फुटी रुळांची गाडी १९०८ साली सुरू झाली आणि कुही, उमरेड, भिवापूर करत नागभीडला जायची. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेज करण्यासाठी ती बंद झाली. तोवर शंभर वर्षांहून अधिक काळ याच गाडीने भाजीच्या टोपल्या, दुधाचे डबे, बाळंतिणी, कॉलेजची पोरं आणि आम्ही मास्तर-बाया यांची नागपूरच्या इतवारीला ने-आण केली. गाडी हळू होती, पण तिकीट मजुराच्या खिशाला झेपणारं होतं. बसचं भाडं तसं नाही. गाडी बंद झाली तेव्हा ज्या बाया रोज भाजी घेऊन इतवारीला उतरायच्या, त्यांच्यापैकी कितीतरींनी नागपूरचा बाजारच सोडला. ब्रॉडगेज हवीच होती, यात वाद नाही. पण मधल्या वर्षांत या बायांचं काय होईल याचा विचार कुठल्या आराखड्यात मला दिसला नाही.

हिवाळ्यात गावोगाव खडी गंमत आणि दंडार ही इकडची लोकनाट्यं असतात. शाहीर डफ-तुणतुण्यावर उभे राहिले की रात्र सरते. शंकरपटही पुन्हा भरू लागलेत, सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये परवानगी कायम ठेवली. मला बैलांच्या शर्यतीचं तितकंसं नाही, खडी गंमतीचं आहे. एका शाहिराने हुंड्यावर रचलेला सवाल-जवाब ऐकून गावातल्या बाया दुसऱ्या दिवशी शाळेच्या पालकसभेत तावातावाने बोलल्या होत्या. माझ्या भाषणांनी तेवढं कधी झालं नव्हतं.

मांढळकडच्या मिरचीचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शेजारचं भिवापूर मिरचीसाठी प्रसिद्ध, पण मिरचीवरची मजुरी या सगळ्या पट्ट्यात आहे. वाळलेल्या मिरच्यांचे ढीग जिथे पडतात त्याला सातरा म्हणतात. सातऱ्यावर बाया रांगेने बसून मिरचीचे मुक्के तोडतात, म्हणजे देठ काढतात. मजुरी वजनावर. तोंडाला फडकं, बोटांना जळजळ, आणि घरी जाऊन लेकराला हात लावायच्या आधी गोडेतेल चोळायचं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या वह्या-पेनांचे पैसे त्या देठांतून आले. मुलगी वर्गात शिंकायला लागली की तिची आई सातऱ्यावरून थेट तिला सोडायला आली होती, हे कळायचं.

आता गोसीखुर्द. वैनगंगेवर पवनी तालुक्यात गोसीखुर्दला धरण. २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. अडीच लाख हेक्टर सिंचनाचं उद्दिष्ट. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरण भंडाऱ्यात, पण त्याचं पाणी मागे पसरत कुही आणि भिवापूर तालुक्यांतल्या गावांत शिरलं. जलाशयाची पूर्ण पातळी २४५.५ मीटर ठरलेली. पाणी एकदम आलं नाही, वर्षागणिक थोडं थोडं वाढवत गेलं. त्यामुळे गावं एका दिवसात बुडाली नाहीत. आधी नदीकाठचा मळा गेला, मग स्मशान, मग रस्ता, मग शाळेची पायरी. माझ्या ओळखीच्या एका शाळेत पावसाळ्यात पाणी कुठवर आलं त्याच्या रेघा मुलं भिंतीवर ओढत असत. रेघ खिडकीच्या वर गेली त्या वर्षी शाळा हलली.

पुनर्वसनाच्या कागदांवर अठरा नागरी सुविधांची यादी असते. रस्ते, नाल्या, पाणी, समाजमंदिर, दफनभूमी, सगळं. नव्या गावठाणात सिमेंटचे रस्ते झाले, हे खरं. पण नदी नव्हती. ढिवराला नव्या गावठाणात घर मिळालं आणि डोंगा, म्हणजे होडी, बांधायला जागा राहिली नाही. रोज आठ-दहा किलोमीटर नदीवर जाऊन जाळं टाकायचं, तर मासा बाजारात पोचेपर्यंत दुपार होते. २०१३ मध्ये सरकारने प्रकल्पग्रस्तांसाठी जवळपास बाराशे कोटींचं विशेष पॅकेज दिलं, त्यासाठी लोकांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली, पाण्यात उतरून बसावं लागलं. पैसे आले ते घराच्या भिंतींत, लग्नांत, मोटारसायकलींत गेले. वावर गेलं ते गेलं. एका शेतकरी पालकांचं वाक्य मला अजून ऐकू येतं: “बाई, आमची वावरं बुडाली न पानी चंद्रपूरले गेलं. आमाले काय, पाहाले मिळालं.” आंभोरा आणि मोखाबर्डीच्या उपसा सिंचन योजनांमुळे काही पाणी या बाजूलाही चढू लागलंय, हे सांगायला हवं. ते आधी चढायला हवं होतं. ज्याची जमीन बुडते त्याच्या उरलेल्या जमिनीला पहिलं पाणी, हा साधा न्याय आहे आणि प्रत्येक धरणाच्या मंजुरीतच तो लिहिलेला असावा, असं माझं ठाम मत आहे.

या पाण्यात आमच्या नागपूरचंही पाणी आहे. नाग नदी शहराच्या पश्चिमेला लाव्याच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरीवरून, सीताबर्डीवरून, महालावरून, आमच्या नंदनवनाच्या बाजूने जाते, पिवळी नदीला घेऊन पूर्वेला कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला. तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात. म्हणजे शहराने सोडलेलं सांडपाणी कुहीच्या नदीकाठच्या गावांवरून जातं आणि त्या जलाशयात साठतं. भांडेवाडीला प्रक्रिया केंद्र आहे, तिथलं शुद्ध केलेलं पाणी वीजनिर्मितीसाठी जातं, ही चांगली गोष्ट. पण सगळं सांडपाणी तिथवर पोचत नाही. नाग नदीच्या काठची वावरं ज्यांची आहेत ते सांगतात की पाण्यात उतरलं की पाय खाजतात, गुरं पाणी तोंडाला लावत नाहीत. वर जलपर्णी पसरते. ढिवरांची जाळी तिच्यात अडकतात.

नद्यांचा पाठ शिकवताना मी फळ्यावर नाग नदी काढली होती, उगमापासून संगमापर्यंत, वाटेत माझं घर म्हणून एक चौकोन. एका मुलाने विचारलं, “म्हंजे बाई, तुमच्या मोरीतलं पानी आमच्याकडं येते?” मी हो म्हणाले. वर्ग गप्प झाला नाही. उलट सगळे एकदम बोलायला लागले, कुणाच्या काकाच्या म्हशी आजारी पडल्या, कुणाच्या आजोबांनी नदीची आंघोळ सोडली. पाठ तिथेच राहिला आणि तासभर आम्ही तेच लिहून काढलं. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी केंद्राने जवळपास दोन हजार कोटींचा प्रकल्प मंजूर केला आहे. शहरात त्याची चर्चा होते ती नदीकाठच्या सुशोभीकरणाची, फिरायच्या पट्ट्यांची. मला वाटतं त्याचं यश मोजायचं ठिकाण नागपुरात नाही. कुही तालुक्यातल्या शेवटच्या गावात म्हैस पाणी पिते का, ते पाहावं.

जंगलाचं थोडक्यात. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ चं, त्यात कुहीचाही भाग येतो. गोठणगावच्या गेटवरून सफारी होते. नागझिऱ्याहून चालत आलेला ‘जय’ वाघ याच जंगलात देशभर गाजला आणि एप्रिल २०१६ नंतर तो कुणाला दिसला नाही. वाघांमुळे गावातल्या काही पोरांना गाइडची कामं मिळाली. त्याच गावात संध्याकाळी बायांना एकट्याने सरपणाला जाता येत नाही. दोन्ही खरं आहे, दोन्हीचा हिशेब ठेवावा लागतो.

नागपूरच्या शाळांतल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. डिसेंबर-जानेवारीत एक सहल कुहीकडे न्या. सकाळी विद्यापीठाच्या संग्रहालयात मांढळच्या मूर्ती दाखवा, मग मांढळच्या टेकड्या, आदमची तटबंदी, दुपारनंतर आंभोऱ्याची टेकडी. पुनर्वसनाच्या एखाद्या गावठाणात थांबून तिथल्या म्हाताऱ्यांना जुन्या गावाबद्दल विचारा, ते खुशीने बोलतात. चहा घ्याच, नाही म्हटलं तर रागावतात. आणि मांढळला, बाजार समितीच्या जवळपास कुठेही, एक खोलीचं छोटं संग्रहालय व्हावं यासाठी आम्ही काही निवृत्त शिक्षक अर्ज तयार करतोय. मूर्तींच्या प्रतिकृती, ताम्रपटांचे मराठी अनुवादासह फोटो, आदमच्या उत्खननाचा नकाशा, बुडालेल्या गावांचे जुने फोटो. फोटो ज्यांच्याकडे असतील त्यांनी जपून ठेवा. आम्ही घरी येऊन त्यांच्या प्रती काढून नेऊ, मूळ फोटो तुमच्याकडेच राहील.